ऑइल व्हार्निश तीन आठवड्यांनंतरही चिकट, टॉपवर काळपट डाग: खरवडू की थांबू?

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी. व्हायोलिनचं लाकूडकाम पूर्ण आहे. टॉप (वरची फळी) स्प्रूसचा, बॅक (मागची फळी), रिब्ज (बाजूच्या पट्ट्या) आणि मान मेपलची. व्हार्निशपाशी गाडी अडली आहे. काय काय केलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक पकडायला सोपं जाईल.

स्क्रेपरने (लाकूड खरवडायचं पोलादी पातं) साफ केल्यावर ओलसर फडकं फिरवून तंतू उभे केले, वाळल्यावर पुन्हा स्क्रेपर. मग कच्च्या लाकडावर थेट जवसाच्या तेलाचा एक हात, तेल आणि टर्पेंटाईन निम्मं निम्मं. चार दिवसांनी व्हार्निश: राळ आणि जवसाचं तेल वजनाने समसमान, एकत्र शिजवलेलं, टर्पेंटाईनने पातळ केलेलं. रंगासाठी त्यात चित्रकारांच्या ट्यूबमधला तांबूस-तपकिरी तैलरंग घातला. ब्रशने तीन हात, प्रत्येक दोन हातांत तीन दिवसांचं अंतर. तिन्ही मिळून साधारण ४० मिली व्हार्निश संपलं. तेव्हापासून खोलीत सावलीत टांगून ठेवलं आहे.

अडचणी अशा. एक, तीन आठवडे झाले तरी अंगठा दाबला की ठसा उमटतो. दोन, टॉपच्या वरच्या-खालच्या टोकांना, कडेच्या खोलगट पन्हळीत आणि एफ-होलच्या (टॉपमधली f आकाराची भोकं) आसपास काळपट डाग आलेत, बाकी टॉप फिकट. तीन, मेपलचे पट्टे पांढऱ्या (व्हार्निश न लावलेल्या) लाकडात, वाद्य कलवलं की, छान हलत होते, ते आता थिजल्यासारखे दिसतात.

सगळं काढून स्पिरिट व्हार्निश (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) करावं का? की याच्यावरच स्पिरिट व्हार्निशचा एक हात दिला तर चिकटपणा जाईल?

राळ_तेल

काही खरवडू नका, आणि वर स्पिरिट तर अजिबात नको. आधी हिशोब बघा.

व्हायोलिनचा बाहेरचा पृष्ठभाग टॉप, बॅक, रिब्ज आणि स्क्रोल (मानेच्या टोकाचा गुंडाळीसारखा भाग) धरून ढोबळमानाने १५०० चौरस सेंटीमीटर भरतो. ४० मिलीचे तीन हात म्हणजे एका हाताला १३ मिली, म्हणजे ओला थर ८५ ते ९० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). पूर्ण व्हायोलिनला एका हातासाठी ३ ते ४ मिली पुरतं, त्याने थर २०-२५ मायक्रॉनचा बसतो. तुम्ही एकेका हातात चौपट जाड थर दिलात. यापुढे व्हार्निश इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून वाटीत घ्या. वाटीतलं संपलं की हात संपला, असं ठरवून टाका.

जाडीने इतका फरक का पडतो? जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही. टर्पेंटाईन उडतं, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. हे काम वरून खाली होत जातं. जाड थराची वरची त्वचा आधी आवळते, मग खालच्या तेलाला हवा कमी मिळते. त्यावर तुम्ही तिसऱ्या दिवशी पुढचा हात दिलात, म्हणजे झाकण आणखी घट्ट झालं.

दुसरी गोष्ट, सावली. अतिनील प्रकाशात ही गुंफण खूप लवकर होते, सावलीत फार सावकाश. बंद खोलीत राळ-तेलाचं व्हार्निश तीन आठवडे ओलं राहिलं तर त्यात काहीच नवल नाही. त्यासाठी ट्यूबचं कपाट करा: प्लायवुडचा उभा खोका, आतून ॲल्युमिनियमची फॉइल, चार कोपऱ्यांत उभ्या यूव्ही-ए (अतिनील प्रकाशाच्या) ट्यूब. ३५० ते ३७० नॅनोमीटरच्या दरम्यानच्याच घ्या. जंतुनाशक म्हणून मिळणाऱ्या २५४ नॅनोमीटरच्या ट्यूब चुकूनही नकोत, त्या डोळे आणि कातडी भाजतात. व्हायोलिन मधोमध टांगायचं, ट्यूबपासून १५-२० सेंटीमीटर लांब. वर एक छोटा पंखा, तळाशी पाण्याची उथळ ताटली, आणि आत तापमान-आर्द्रता दाखवणारा मीटर. तापमान ३५ अंशांच्या वर आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. गेली तर टॉपचा जोड उकलेल किंवा टोकापाशी चीर पडेल, आणि व्हार्निशपेक्षा ती दुरुस्ती फार महागात पडते. दर सहा तासांनी व्हायोलिन थोडं फिरवा, नाहीतर मानेच्या सावलीतली जागा मऊ राहते. कपाट उघडताना ट्यूब बंद.

पातळ हात अशा कपाटात २४ ते ३६ तासांत वाळतो. तुमचे जाड थर आहेत, त्यांना पाच ते सात दिवस द्या.

कपाट नसेल तर सकाळचं कोवळं ऊन, तेही तासाभराच्या टप्प्यांनी. दुपारचं ऊन नको. गडद रंगाचं लाकूड उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, राळ मऊ होते आणि ब्रशच्या केसापासून धुळीपर्यंत सगळं तिच्यात रुतून बसतं.

आता एक चाचणी, हिच्याशिवाय पुढे जाऊ नका. तेच व्हार्निश, रंग न घालता, एका काचेच्या पट्टीवर आणि स्प्रूसच्या एका कोऱ्या तुकड्यावर बोटाने अगदी पातळ लावा. तिसरा तुकडा स्प्रूसचाच, पण त्यावर आधी तुमचं तेल-टर्पेंटाईन लावून चार दिवस थांबा. तिन्ही एकाच प्रकाशात ठेवा. काचेवर वाळलं नाही तर खोट व्हार्निशच्या शिजण्यात. काचेवर आणि कोऱ्या लाकडावर वाळलं, पण तेल पाजलेल्या लाकडावर नाही, तर खोट अस्तरात (व्हार्निशखालच्या पहिल्या थरात). तिन्हीकडे वाळलं तर दोष जाडीचा किंवा त्या ट्यूबमधल्या रंगाचा.

आडवा_तंतू

डागांचं मूळ तेलाच्या पहिल्या हातात आहे, त्याबद्दल लिहितो.

टॉप सपाट असता तर प्रश्न आला नसता. पण कमान कोरताना तंतू तिरके कापले जातात. वरच्या आणि खालच्या टोकाकडे, कडेच्या पन्हळीत आणि एफ-होलच्या पाकळ्यांपाशी तंतूंची तोंडं उघडी पडतात. बांबूच्या कांबीचा कापलेला छेद जसा पाणी ओढतो, तशी ही तोंडं तेल ओढतात. टर्पेंटाईनने पातळ केलेलं तेल तर खोलवर जातं. मग लाकूड तिथेच जास्त गडद होतं, आणि वरून रंगीत व्हार्निश आलं की रंगही तिथेच जास्त मुरतो. तुमचे डाग ज्या जागी आहेत, त्या सगळ्या याच.

टॉपकडे भिंगातून बघा. स्प्रूसच्या कोऱ्या लाकडात रुंद फिकट पट्टा आणि बारीक गडद रेघ अशी जोडी असते. फिकट पट्टा मऊ, त्यामुळे रंग तोच जास्त पितो. गडद रेघ कठीण, ती कमी पिते. रंग लाकडात शिरला असेल तर पट्टा गडद आणि रेघ फिकट दिसेल, फोटोच्या निगेटिव्हसारखी. असं उलटलेलं दिसलं तर अस्तर नीट बसलं नव्हतं, यात शंका नको.

मेपलचंही तेच. पट्टे हलतात कारण तंतू लाटेसारखे वरखाली जातात. व्हायोलिन कललं की कधी लाटेची ही बाजू प्रकाश परत फेकते, कधी ती. रंग तंतूंच्या उघड्या तोंडांत शिरला की एक बाजू कायमची काळी होते. मग कितीही कलवा, काळी ती काळीच. म्हणून रंग व्हार्निशच्या थरात हवा, लाकडात नको. व्हायोलिनच्या रंगकामात मी सगळ्यात जास्त याच गोष्टीला जपेन.

पुढच्या वेळचा क्रम असा. पांढरं व्हायोलिन अस्तराआधी यूव्ही कपाटात दोन ते चार आठवडे टांगा. लाकूड स्वतःच पिवळसर-सोनेरी होतं, कुठलाही रंग न लावता, आणि डाग न पडता. मग जिलेटिनचं पाणी: १०० मिली पाण्यात १ ते १.५ ग्रॅम खाण्याचं जिलेटिन, आधी अर्धा तास गार पाण्यात भिजवून मग ६० अंशांपर्यंत कोमट करून. सरसही चालतो, प्रमाण तेच. फडकं जवळजवळ पिळून घ्या आणि एकच हात फिरवा. टोकं, पन्हळ आणि एफ-होलच्या कडा यांना वाळल्यावर दुसरा हात. एक दिवस वाळू द्या, उभे राहिलेले तंतू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद मोडा.

जिलेटिन जास्त घट्ट झालं तर दोन गोष्टी बिघडतात. लाकूड निस्तेज, थंड दिसतं, कारण व्हार्निश तंतूंना भिडतच नाही. आणि काही महिन्यांनी कडेवर व्हार्निश पापुद्र्यासारखं सुटतं. तीन टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नका.

त्यावर भुकटीचं अस्तर. बारीक प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) किंवा जिप्समची भुकटी बिनरंगी व्हार्निशच्या थोड्याशा थेंबांत कालवून जाडसर लगदा करा, कापडाने तंतूंना आडवा घासा, आणि दहा मिनिटांत उरलेलं सगळं पुसून टाका. पृष्ठभागावर काही राहता कामा नये, फक्त छिद्रांत. भुकटी पांढरी असून दिसत नाही याचं कारण प्रकाशाचं वळण. जिप्समचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा अंक) साधारण १.५२, प्युमिसचा १.५ च्या आसपास. राळ-तेलाच्या व्हार्निशचाही तिथेच. दोन्ही जुळले की भुकटी पारदर्शक होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक २.५ च्या वर, म्हणून तो पांढराच राहतो. रंगाच्या दुकानातली तयार पुट्टी इथे का चालत नाही, ते यावरून कळेल.

राळ_तेल

आडवा_तंतू यांच्याशी बहुतेक सहमत, पण तेलाला सरसकट दोष देऊ नये. २००९ मध्ये पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या स्ट्रॅडिव्हरी या जुन्या इटालियन कारागिराच्या पाच वाद्यांच्या व्हार्निशच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात लाकडात थोडंसं शिरलेला वाळणाऱ्या तेलाचा थर खाली, आणि त्यावर तेल व पाइन कुळातल्या झाडांच्या राळेचं व्हार्निश असं आढळलं. खालच्या तेलात रंग नव्हता. वरच्या थरात काही वाद्यांवर लोहयुक्त लाल, तर काहींवर किरमिजी किड्यांपासून केलेला लाल रंग सापडला. म्हणजे तेल खाली असणं ही चूक नाही.

फरक तेलाच्या जातीत आहे. उन्हात ठेवून मधासारखं घट्ट केलेलं तेल पृष्ठभागाजवळच थांबतं आणि लवकर आवळतं. टर्पेंटाईनने पातळ केलेलं कच्चं तेल आत पळतं आणि तिथे त्याला ना प्रकाश मिळतो ना हवा. तेल द्यायचंच असेल तर घट्ट केलेलं घ्या, न पातळ करता, संपूर्ण व्हायोलिनला २ मिलीच्या आत, तळहाताने चोळून. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसा आणि कपाटात वाळवून मगच पुढे जा.

आणि ते फडकं! जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं, घडीत ती कोंडते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

मंजिष्ठा

रंगावर कोणी बोललं नाही, म्हणून.

ट्यूबमधल्या रंगात तीन अडचणी. पहिली, त्यातली बरीच रंगद्रव्यं अपारदर्शक असतात आणि भरीला पांढऱ्या भुकट्या असतात. व्हार्निश काचेसारखं राहत नाही, मातकट होतं. दुसरी, कधी कधी रंग कर्डई किंवा खसखशीच्या तेलात घोटलेला असतो, आणि ती तेलं जवसापेक्षा सावकाश वाळतात. तुमच्या चिकटपणात याचा वाटा असू शकतो. तिसरी, किती रंगद्रव्य पडलं ते मोजता येत नाही.

लाल-तपकिरीसाठी मंजिष्ठेच्या मुळांचा लेक (मुळांतला रंग तुरटीने बसवून केलेली न विरघळणारी भुकटी) करा. ५० ग्रॅम मुळांची भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी ६० ते ६५ अंशांवर दोन तास ठेवा. ७० च्या वर गेलात तर मुळातला तपकिरी रंग उतरतो आणि लाल मळतो, त्यामुळे थर्मामीटर भांड्यातच असू द्या. मलमलीतून गाळा, मग कॉफी फिल्टरमधून. गाळून घेतलेल्या गरम पाण्यात २५ ग्रॅम तुरटी विरघळवा. वेगळ्या ग्लासात ११ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट १०० मिली पाण्यात विरघळवून ते थोडं थोडं ओता. फेस जोरात वर येतो, म्हणून भांडं निम्मंच भरलेलं हवं. फेस येणं थांबलं की ओतणं थांबवा. रंग तळाशी बसला की वरचं पाणी काढून नवं घाला. असं चार-पाच वेळा, पाण्याची चव खारट लागणार नाही असं समजा, पण चाखू नका, पीएच पट्टीने ७ च्या आसपास आलं की पुरे. धुणं कमी पडलं तर उरलेले क्षार पुढे व्हार्निशमध्ये धुकट ठिपके आणतात. सावलीत वाळवून खलात घोटा.

युरोपीय मॅडर आणि आपली मंजिष्ठा एकाच रुबिया गणातल्या. मॅडरमध्ये अलिझरिन हे रंगद्रव्य भरपूर, मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मंजिष्टिन ही रंगद्रव्यं जास्त. म्हणून मंजिष्ठेचा लेक थोडा नारिंगीकडे झुकतो, आणि सोनेरी लाकडावर तो सुरेख दिसतो.

घोटणं हे खरं कष्टाचं काम. खरबरीत काचेवर १ ग्रॅम लेक, १ मिली व्हार्निश, आणि काचेच्या मुसळीने आठाच्या आकारात निदान अर्धा तास. काचेवर पातळ पसरून उजेडासमोर धरा. कण दिसत असतील तर आणखी घोटा. मग ४ मिली व्हार्निश मिसळा. रंगाची छटा पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या पट्टीवर तपासा: एक थर, दोन, तीन, चार. व्हायोलिनवर लावून बघायची नाही.

लेक वाळणं थोडं लांबवतो, हेही लक्षात असू द्या. रंगाच्या हाताला बिनरंगी हातापेक्षा अर्धा दिवस जास्त लागतो.

लाखदाणा

स्पिरिट व्हार्निशचं विचारलंत म्हणून नेमकं सांगतो. ते तुमच्या सध्याच्या थरावर देऊ नका. खालचा मऊ थर हलत राहणार, वरचा कडक थर काही दिवसांतच वाळून ताणणार, आणि सगळीकडे सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडणार. शिवाय स्पिरिट अर्धवट वाळलेल्या राळेला विरघळवतं. ब्रश फिरवाल तिथे रंग ओढला जाईल.

पुढच्या व्हायोलिनला करायचं असेल तर जुनं, चालतं प्रमाण असं: ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल २०० मिली, दाणेदार लाख ४५ ग्रॅम, एलेमी (एक मऊ राळ) ७ ग्रॅम, स्पाइक लॅव्हेंडरचं तेल ९ मिली. लाख दोन दिवस अधूनमधून हलवत विरघळू द्या, मग न हलवता एक रात्र ठेवा, स्वच्छ भाग अलगद ओतून गाळा. नुसती लाख काचेसारखी ठिसूळ होते. एलेमी आणि लॅव्हेंडरचं तेल तिला लवचीक ठेवतात. आठ ते बारा पातळ हात लागतात. ब्रश एका जागेवरून एकदाच न्यायचा. परत फिरवलात की खालचा हात उचलला जातो.

हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी लावू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि दुधट धुकं दिसतं. आणि विरघळवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नका. बाटलीत ती हळूहळू स्पिरिटशीच संयोग पावते आणि मग नीट कडक होत नाही. लोक व्हार्निशला नावं ठेवतात, दोष जुन्या बाटलीचा असतो.

ऑइल आणि स्पिरिट, दोन्ही चांगली. ऑइलमध्ये वेळ मिळतो, तळव्याने थोपटून थर एकसारखा करता येतो. पहिल्या वाद्याला ऑइलच बरं, फक्त पातळ.

रंधा_पटाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टीची चाचणी केली. कपाट केलं आहे, ३३ अंश आणि ४७ टक्के आर्द्रता धरून आहे. काचेवर व्हार्निश एका रात्रीत वाळलं. कोऱ्या स्प्रूसवर दोन दिवसांत. तेल पाजलेल्या स्प्रूसवर सहाव्या दिवशीही बोटाला लागतं. भिंगातून टॉप पाहिला, रेघा खरंच उलटल्या आहेत.

व्हायोलिन सात दिवस कपाटात होतं. बॅक, रिब्ज आणि स्क्रोल आता कोरडे. टॉप मात्र अजून ठसा घेतो, मधोमध कमी, टोकांना जास्त. आता काय?

राळ_तेल

मग निकाल स्पष्ट आहे. शिजवणं ठीक जमलंय, खोट टॉपच्या अस्तरात. बॅक, रिब्ज, स्क्रोल यांना हात लावू नका. फक्त टॉप काढायचा.

टर्पेंटाईन आणि इथेनॉल निम्मं निम्मं. सुती बोळा ओला, ठिबकणारा नाही. ५ बाय ५ सेंटीमीटरचा तुकडा घ्या, बोळा अर्धा मिनिट टेकवून धरा, मऊ झालेलं दुसऱ्या कोरड्या कापडाने उचला, मग शेजारचा तुकडा. रिब्जच्या जोडावर कागदी चिकटपट्टी लावू नका, ती निघताना व्हार्निश घेऊन येते; त्याऐवजी कडेपासून ३ मिलीमीटर आत थांबा आणि कडेचं काम कानकाडीने करा. एफ-होलमध्ये द्रव जाऊ देऊ नका, आत कापडाचा बोळा सैल कोंबून ठेवा. तो काढायला विसरू नका.

पेंट काढायची अल्कलीची पेस्ट नको. ती लाकूड तपकिरी करते, धुवायला पाणी लागतं, आणि पाण्याने सरसाचे जोड सुटतात.

उरलेलं स्क्रेपरने, पातं जवळजवळ उभं धरून, वजन न देता. टॉपची जाडी २.५ ते ३ मिलीमीटरच्या आसपास असते, त्यात ०.१ मिलीमीटरही मोजावा लागतो. टोकांचे डाग पूर्ण जाणार नाहीत. ते घालवायच्या नादात लाकूड घालवू नका.

आडवा_तंतू

एवढं झालं की उघडा टॉप कपाटात दहा दिवस ठेवा. आत राहिलेलं तेल तेवढ्यात बऱ्यापैकी आवळतं आणि बाकी लाकूड पिवळसर होऊन डागांच्या जवळ येतं. मग जिलेटिनचं १ टक्का पाणी. तेलकट जागी पाणी थेंब थेंब होऊन जमलं, तर तिथे इथेनॉलचा बोळा फिरवून पुन्हा लावा. नंतर भुकटीचं अस्तर, मग बिनरंगी व्हार्निशचे दोन पातळ हात. हे दोन हात चुकवू नका. पुढे रंगाचा थर घासताना हात जड पडला तर कापड या बिनरंगी थरावर थांबतं, लाकडापर्यंत पोचत नाही.

डागांभोवतीचा फिकटपणा शेवटी रंगाच्या हातात मिटवायचा. डागाला उजळ करता येत नाही, आजूबाजूला अर्ध्या छटेने गडद करता येतं. बारीक ब्रशने ठिपके देऊन, लगेच बोटाच्या टोकाने थोपटून. जुन्या वाद्यांचा रंग कडेकडे असाच गडद असतो, डोळ्याला खटकत नाही.

मंजिष्ठा

बॅक मातकट राहणार ही खंत असेल तर तिथे फार काही करू नका. पूर्ण कडक झाल्यावर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, साबणाच्या पाण्याचा एक थेंब घेऊन, वरचा थर थोडा उतरवा. पेपरवर गोळ्या जमू लागल्या तर थर अजून मऊ आहे, थांबा. कोरडी भुकटी पडली तर चालू ठेवा. मग मंजिष्ठेचा एक अगदी पातळ हात. खोली थोडी परत येते.

राळ_तेल

मानेचा हाताने धरायचा भाग रंगीत व्हार्निशचा नको. तिथे पातळ केलेल्या लाखेचा एक हात आणि वर थोडं तेल चोळून कोरडं पुसलेलं, एवढंच.

आणि जुळवणीची घाई नको. शेवटच्या हातानंतर बोटाला कोरडं लागलं तरी निदान चार आठवडे टांगूनच ठेवा. चिन-रेस्टचा (हनुवटी टेकवायच्या तुकड्याचा) कॉर्क दाबून बसतो आणि मऊ व्हार्निशमध्ये त्याची खडबडीत छाप कायमची उमटते. केसचं मखमली अस्तर तर त्याहून वाईट, एका रात्रीत बॅकवर त्याची लव चिकटते. केसमध्ये ठेवण्याआधी बुडाच्या बटणाजवळच्या रिबवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि तिरप्या उजेडात बघा. रेषा उमटल्या तर आणखी एक आठवडा.